ताई बरी झाली आणि घराची पंचाईत झाली

ताईला शाळेत असल्यापासून फिट यायच्या, आणि खरं सांगायचं तर त्या घरात फिटइतकं सगळ्यांच्या कामी येणारं दुसरं कुणी नव्हतं.

एखाद्या नातेवाइकाकडे जायचा आईला कंटाळा आला की ती म्हणायची, "ताईला टाकून कशी येऊ गं?" समोरचा माणूस लगेच वरमायचा आणि वर आईलाच धीर द्यायचा. धाकटी बहीण लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती, तिच्याकडे आई कधी मुक्कामाला गेली नाही. भावाला कचेरीत बाहेरगावची बढती चालून आली होती, ती त्यानं नाकारली. त्यावर कुणी विचारलं, तर "बहिणीसाठी," एवढंच तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी होती, दुसरं काही नव्हतं. पण ऐकणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. भावजय त्याला मनातल्या मनात त्यागमूर्ती म्हणायची, आणि भांडणात एकदा तोंडावरही म्हणाली होती. शिकवण्याची पदवी घेऊन ती या घरात आली होती आणि पदवी कपाटात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली होती, कारण ताईंजवळ घरात कुणीतरी हवंच.

घर प्रेमळ होतं, यात वाद नाही. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या रजईचे तुकडे शिवलेले होते. गच्चीच्या जिन्याला कुलूप असे. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती; नुसतं दार लोटायचं आणि आत गाणं म्हणायचं, म्हणजे आत कुणीतरी आहे हे बाहेर कळतं आणि ताई शुद्धीवर आहे हे आईला कळतं. ताईला गाता येत नव्हतं, पण पर्याय नव्हता. शेगडीजवळ जायला तिला बंदी होती. चाळिशी उलटली होती तरी चहा अर्धा कप मिळायचा, हातातून सांडला तर कमी भाजेल म्हणून.

फिट यायची ती अशी. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, लिफ्ट सुरू झाल्यासारखं. मग ओल्या पुठ्ठ्याचा वास. मग वाटायचं, हे सगळं आधी एकदा घडून गेलंय. ही भिंत, हा पडदा, आईचं हे वाक्य. तेवढ्यात ताई घरातून नाहीशी व्हायची. म्हणजे ती तिथंच बसलेली असायची, डोळे उघडे, ओठ चपचप करायचे, बोटं ओढणीशी चाळा करायची. पण आत कुणी नसे. थोड्या वेळानं परत यायची आणि विचारायची, "काय झालं?" कधीकधी मात्र धाडकन पडायची. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ठरलेलं. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, जोडीला दुसऱ्या दिल्या. ताईला झोप फार यायला लागली, आणि फिट होत्या तशाच येत राहिल्या.

गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. शिंपीकाका तिला हातशिलाईचं काम द्यायचे, तुरपाई आणि काज-बटणं. शिवणयंत्राला हात लावायचा नाही हा नियम तिथंही होता, कारण एकदा सुई बोटातून गेली होती. यंत्रावर बसलेल्या कारागिरांकडे ताई तिरक्या नजरेनं बघायची आणि म्हणायची, "मला एकदा बसू द्या, बघा कशी शिवते." आजार नसता तर आपण एक नंबर शिवणकाम केलं असतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरच्यांनाही नव्हती. आजार नसता तर ताईनं काय काय केलं असतं, याची यादी घरात दरवर्षी लांबत होती.

आणि मग कोटाचं प्रकरण झालं.

नवरदेवाचा कोट होता. ताईनं बटणं लावायची आणि उरलेला दोरा कापायचा, एवढंच काम. कात्री हातात असतानाच लिफ्ट सुरू झाली. ताई गेली, पण हात राहिला. आणि हाताला काम माहीत होतं. ती परत आली तेव्हा कोटाची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत सरळ उभी चिरलेली होती. शिंपीकाका डोक्याला हात लावून उभे होते.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "नवरदेव काय अर्ध्या बाहीच्या कोटात उभा राहणार का?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच तिच्या हातातली कात्री काढून घेतली, बाही रातोरात बदलून दिली, आणि दुसऱ्या दिवशी ताईसमोर बटणांचा डबा ठेवला. काळी वेगळी, तपकिरी वेगळी, एवढं करायचं. ताईनं दोन दिवस बटणं निवडली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि आईला घेऊन थेट नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी सवयीनं पेन उघडलं. "गोळी वाढवू या थोडी."

"डॉक्टर, मी कोटाची बाही एका दमात कापली," ताई म्हणाली. "ही डोक्यातली भानगड अशी कापून काढता येत नाही का?"

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. पेन बंद करून म्हणाले, "येते ना. सगळ्यांची नाही; पण काहींची येते. मोठ्या इस्पितळात तपासून बघतात."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी सांगितलं की दोन चांगली औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या औषधानं थांबायची आशा फार थोडी. अशा वेळी फिट मेंदूत नेमकी कुठून निघते ते शोधायचं, आणि ती जागा काढण्यासारखी असली तर काढायची. शोधायचं कसं? तर फिट येताना बघायची. ताईच्या डोक्याला गोंदानं तारा चिकटवल्या, छतावर कॅमेरा लावलेल्या खोलीत तिला ठेवलं, गोळ्या कमी केल्या, आणि सगळे फिटची वाट बघत बसले.

फिट येईना.

आजवर बोलावल्याशिवाय येणारी, पाहुण्यांसमोर येणारी, परीक्षेच्या पेपरात येणारी, ऐन लग्नघरात येणारी फिट आता आमंत्रण देऊनही येत नव्हती. झोपू दिलं नाही, तरी नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. भाऊ घड्याळ बघून म्हणाला, "माझी रजा संपत आली." नर्स रोज आत डोकावून विचारायची, "आली का?" आणि ताई ओशाळून मान हलवायची, जणू तिनंच कुठं लपवून ठेवली होती. ज्या आईनं फिट जावी म्हणून आयुष्यभर देवाला साकडं घातलं, ती आता कॉटशेजारी हात जोडून पुटपुटत होती, "ये गं बाई एकदाची. डॉक्टर खोळंबलेत."

शेवटी आली ती दुपारी, जेवणाचं ताट समोर असताना, भाऊ आणि भावजय डबा कुणी विसरला यावरून हुज्जत घालत होते तेव्हा. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आली! आली!" ती बाहेर जाऊन ओरडली. शेजारच्या खोलीतल्या बाईंना वाटलं गावाहून लेक आली. त्या म्हणाल्या, "छान झालं हो."

मग आणखी दोन आल्या. मग चित्रं दाखवून नावं विचारणं झालं, गोष्ट सांगून ती आठवायला लावणं झालं, डोक्याचे फोटो झाले. फिट डाव्या कानाच्या आत, मेंदूच्या एका छोट्या चट्ट्यातून निघत होती. तो चट्टा लहानपणीच्या कुठल्याशा तापाचा असावा.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "अशी शस्त्रक्रिया केलेल्या दहातल्या साधारण सहा-सात जणांच्या फिट थांबतात. काहींच्या कमी होतात. एखाद-दुसऱ्याला फारसा फरक पडत नाही. शस्त्रक्रिया आहे म्हटल्यावर धोकाही आहे, पण थोडा. बाजू डावी आहे, त्यामुळे शब्द आणि नावं आठवायला जड जाऊ शकतं. गोळ्या पुढं निदान दोन वर्षं चालूच राहतील."

वाक्यं तीच, पण खोलीतल्या चार माणसांनी चार वेगवेगळी ऐकली. "म्हणजे तीन-चार जण नापास," भाऊ म्हणाला.

"आणि ते तीन-चार कोण, हे आधी कळत नाही का?" आईनं विचारलं.

"कळलं असतं तर त्यांना टेबलावर घेतलंच नसतं, आजी."

भावजय ताईकडे बघत होती.

घरी आल्यावर भाऊ ताईजवळ बसला. फार मऊ आवाजात म्हणाला, "ताई, डोकं उघडायचं म्हणजे खेळ नाही. आहे ते काय वाईट चाललंय आपलं?"

"तुझं बरं चाललंय," ताई म्हणाली. "माझं विचार."

सही तिनं स्वतः केली.

शस्त्रक्रिया झाली. ताई जागी झाली तेव्हा डोक्याला पट्ट्या होत्या, डावा डोळा सुजून मिटलेला होता आणि जबडा इतका दुखत होता की बोलणंच नको. तहान लागली होती. तिनं हात वर केला. "ते दे... ते... ज्यात पाणी उभं राहतं ते."

आईनं तोंडावर पदर धरला. भावजयीनं पेला भरून दिला. "पेला," ती शांतपणे म्हणाली.

"तेच ते," ताई म्हणाली आणि पाणी प्यायली.

पुढचे काही महिने हा खेळ चालला. कंगवा म्हणजे दातांचं, चष्मा म्हणजे नाकावरचं, कुलूप म्हणजे नाही म्हणणारं. बऱ्याच शब्दांनी हळूहळू परतीची वाट धरली, पण काही गेले ते गेलेच. माणसांची नावं विशेष गेली. नात्यातली एक बाई भेटायला आली, तास-दीड तास बसली, ताईनं तिच्याशी तिच्या मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, सुनेबद्दल सविस्तर गप्पा मारल्या, आणि ती गेल्यावर विचारलं, "कोण गं ही?" भावजयीला हसू आवरेना. सांगितल्यावर ताईही हसली. पण कुशीवर वळून थोडी रडलीही, हे भावजयीनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

फिट मात्र आली नाही.

पहिले आठवडे घर ताईकडे शेगडीवरच्या दुधाकडे बघावं तसं बघत होतं. आता उतू जाईल, मग उतू जाईल. तिच्या हातून चमचा पडला तर तीन माणसं धावायची. ती गप्प बसली तर आई विचारायची, "काय होतंय?" ती बोलत राहिली तर भाऊ विचारायचा, "एवढी का बोलतेय?" महिने गेले. दूध काही उतू गेलं नाही. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मग ताईनं पहिली मागणी केली. न्हाणीघराला कडी हवी.

"कडी कशाला?" आई म्हणाली. "आपण काय परके आहोत?"

"म्हणूनच," ताई म्हणाली.

सुतार आला. त्यानं दार बघून विचारलं, "इतकी वर्षं कडी नव्हती? मग करत काय होतात?" "गात होते," ताई म्हणाली. सुताराला हा विनोद वाटला. कडी बसली. ताई आत गेली, तिनं कडी लावली, आणि पाण्याचा आवाज थांबल्यावरही कितीतरी वेळ बाहेर आली नाही. आईनं दारावर टकटक केलं.

"ताई?"

"आहे गं."

"करतेस काय?"

"काही नाही."

"मग एवढा वेळ?"

"काही न करायलाच वेळ लागतो, आई."

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. भावाच्या साहेबांनी त्याला बोलावून हात हातात घेतला आणि बहिणीच्या प्रकृतीबद्दल अभिनंदन केलं. वर म्हणाले, "बाहेरगावची ती जागा पुन्हा रिकामी झालीय. आता तुमची अडचण राहिली नाही. तुमचा त्याग आम्ही विसरलेलो नाही." भाऊ घरी आला तो तोंड उतरवून. आईला वाटलं नोकरी गेली.

"तिकडची हवा दमट आहे म्हणे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आईचंही वय झालंय."

"माझ्या वयाला काय झालंय?" आई फणकारली.

"तुम्ही जा की," भावजय म्हणाली. "मी शाळेत अर्ज टाकलाय. परवा बोलावलंय."

जेवण झाल्यावर भाऊ ताईच्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "ताई, खरं सांग. अधूनमधून काही होतं का तुला? चक्कर, अंधारी, काही? घाबरू नकोस, मी आहे."

त्याच्या आवाजात इतकी आशा होती की ताईला त्याची दया आली. "नाही रे," ती म्हणाली. आणि का कुणास ठाऊक, तिला वाटलं आपण माफी मागावी.

आईचीही तीच गत झाली. दूरच्या मुलीनं आग्रहाचं बोलावणं धाडलं. आता नाही म्हणायला काही राहिलं नव्हतं. आई गेली आणि आठवड्याच्या आत परत आली. तिथलं पाणी मानवत नाही म्हणाली. खरं असं होतं की मायलेकींचं कधी पटतच नव्हतं. दोघींनाही ते आजवर कळलं नव्हतं, कारण ताईच्या आजारानं त्यांना चार दिवस एकत्र राहू दिलं नव्हतं.

आणि ताईचा स्वभाव. तो तापट होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती चिडली, की घर एकमेकांकडे बघून मान हलवायचं, "ती नाही बोलत, आजार बोलतोय." एकदा तिनं ताट भिरकावलं होतं, तर ते गोळ्यांच्या नावावर गेलं. आता भावजय सकाळी शाळेत जाऊ लागली होती, स्वयंपाक घाईचा होऊ लागला होता. एका रविवारी ताईनं पहिला घास घेतला आणि ताट पुढं सरकवलं. "या भाजीला मीठ आहे का नुसताच उपकार?"

"मीठ टेबलावर आहे," भावजय म्हणाली. "हात तुम्हाला दोन आहेत."

आई म्हणाली, "अगं, तिला बोलतेस?"

"का? बऱ्या झाल्यात ना आता?"

ताई उठून खोलीत गेली. चांगली हुंदके देऊन रडली. रडता रडता तिच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यापासून आपल्याशी कुणी भांडलेलंच नाही. सगळ्यांनी समजून घेतलं, सांभाळून घेतलं, सोडून दिलं. एवढी वर्षं ती बोलत होती आणि उत्तर कुणी देत नव्हतं. ती डोळे पुसून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "दोन हात आहेत म्हणतेस? मग तुझ्या मागं पसरलेली भांडी कुणाचे हात घासतात रोज?"

ते भांडण संध्याकाळपर्यंत चाललं. त्यात मीठ निघालं, भांडी निघाली, पदवी निघाली, कपाटात कुणाच्या साड्यांना जागा जास्त हे निघालं. आणि "तुमच्यामुळे माझी उमेदीची वर्षं गेली" हेही निघालं, जे भावजयीला कधी म्हणायचं नव्हतं. म्हटल्यावर ती खाली बसली.

"गेली खरी," ताई म्हणाली. "माझीपण." मग तिनं स्वतः शेगडी पेटवली आणि दोघींसाठी चहा केला. पहिलाच असल्यामुळे तो काळाकुट्ट झाला होता. दोघींनी तो भरलेल्या कपांतून, तोंड वाकडं करत संपवला.

त्याच सुमारास एक स्थळ आलं. बिजवर होते, टपाल खात्यातले, सभ्य. येऊन बसले, चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली. ताईनं त्यांना नकार कळवला. घर हादरलं. आजवर स्थळ का येत नाही याला उत्तर होतं. आता स्थळ आलं तर नकाराला उत्तर हवं.

"काय वाईट आहे त्यांच्यात?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"मग कारण काय सांगायचं?"

"कारण कशाला? नको म्हणून नको."

आईनं याआधी हे वाक्य या घरात कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली ती तेव्हापासून.

बरी झाल्यावर ताईला यंत्रावर बसवायचं शिंपीकाकांनी शस्त्रक्रियेआधीच कबूल केलं होतं; तो शब्द त्यांनी पाळला. डॉक्टरीणबाईंची परवानगी आल्यावर त्यांनी ताईला यंत्रावर बसवलं. ताईनं पदर खोचला, पाय फळीवर ठेवला, आणि कारागिरांकडे एकदा विजयी नजरेनं बघितलं. पहिला शर्ट शिवून झाला. शिंपीकाकांनी तो हातात धरून उजेडात फिरवला.

"ताई, कॉलर शेजारच्या दुकानाकडे बघतेय."

"सवय नाही ना."

दुसऱ्या शर्टाची कॉलरही तिकडेच बघत होती. पाचव्याचीही. महिना गेला. ताईच्या तोंडून सवयीनं निघालं, "आजारामुळे असेल."

"आजार गेला ना?" शिंपीकाकांनी विचारलं.

"गेला."

"मग हाताचंच आहे," ते म्हणाले. त्यात दुष्टावा नव्हता. पन्नास जणांना शिकवलेल्या माणसानं कापड बघून बोलावं तसं ते बोलले.

ताई घरी आली आणि पडून राहिली. ही गोष्ट तिला फार लागली. जे झटक्यांना इतकी वर्षं जमलं नाही ते या कॉलरनं केलं. तिच्या डोळ्यांसमोर ती यादी आली. आजार नसता तर शिवलं असतं, शिकले असते, गायले असते, लोकांत उठले-बसले असते. आता आजार नव्हता. आणि आपण एक बऱ्यापैकी तुरपाई करणाऱ्या, नावं विसरणाऱ्या, तापट बाई आहोत, एवढंच शिल्लक होतं. काही आठवडे ती कुणाशी धड बोलली नाही. तिला ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची आठवण यायची. वास चांगला नव्हता, पण तो येऊन गेला की सगळे धावून यायचे.

डॉक्टरीणबाईंनी तिला इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्क होते, फार बोलत नसत. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "असं बऱ्याच जणांना होतं. आजारी राहण्यात तुमचा हात बसला होता. बरं राहणं नवीन काम आहे, सुरुवातीला वाकडं होणारच." आणि त्यांनी तिला दर पंधरवड्याला यायला सांगितलं. ती गेली. हळूहळू उठून बसली. यंत्र सोडलं आणि पुन्हा काज-बटणांवर आली. पण आता आपण होऊन. शिंपीकाकांनी कात्री तिच्या हाती दिली आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही. तिथं तिचा स्वभाव उपयोगी पडला. "उद्या नाही, गुरुवारी. आणि गुरुवारी म्हणजे गुरुवारी," असं ती म्हणाली की गिऱ्हाईक गुरुवारीच यायचं.

भाऊ शेवटी बाहेरगावी गेला. तिथं त्याच्या त्यागाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला कामच करावं लागलं. सुट्टीला येतो तेव्हा बारीक झालेला असतो आणि, भावजय म्हणते, ऐकायलाही बरा झालाय.

दोन वर्षांच्या तपासणीला आई आणि ताई दोघी गेल्या. ताईनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. मधे एकदा दुकानात लिफ्ट सुरू झाली होती. जराशी वर चढली आणि थांबली. भान गेलं नाही. हातातलं बटणही पडलं नाही.

"भान गेलं नाही ना? मग चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही निकालाचे चार वर्ग करतो. तुम्ही पहिल्या वर्गात."

आईनं हे गल्लीभर सांगितलं. दहावीला तीनदा बसून गणितात अडकलेली मुलगी अखेर पहिल्या वर्गात पास झाली होती, तीही डोक्याच्या विषयात. गोळ्या हळूहळू कमी करायचं ठरलं. पुन्हा फिट येणारच नाही असं कुणी लिहून दिलं नाही. ताईनं मागितलंही नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं. शस्त्रक्रियेला घाबरणारं एक कुटुंब बाहेर बसलं होतं; त्यांच्याशी दोन शब्द बोलाल का, त्यांना धीर येईल. ताई गेली. बाकावर एक बाप, एक आई आणि मधे विशीतली मुलगी. मुलीच्या दोन्ही दंडांवर एकेक हात होता.

"बरं झाल्यावर कसं वाटतं हो?" मुलीच्या आईनं विचारलं.

ताईनं विचार केला. डॉक्टरीणबाई आशेनं बघत होत्या. "कामं फार वाढतात," ताई म्हणाली. "आणि लोक उलट बोलतात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. बाप घाईघाईनं म्हणाला, "आमच्याकडे तसं नाही. हिला आम्ही काडी उचलू देत नाही. आवाज चढवून बोलत नाही कुणी हिच्याशी."

"ते दिसतंय," ताई म्हणाली. ती मुलीसमोर वाकली. "तुला भांडता येतं का गं?"

मुलगी गोंधळली. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मला कुणी भांडूच देत नाही."

"मग शिकायला घे. लागेल."

मुलीला एकदम हसू फुटलं. तिनं एका दंडावरचा हात सोडवून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तारा लावायला कधी यायचं?"

ताईची आई मागून घाई करत होती. बस चुकेल म्हणत होती. ताई तिला म्हणाली, "तू हो पुढं. मला त्या मुलीला अजून काहीतरी सांगायचंय. तो शब्द आठवला की येते."